खिशातला घडीचा चाकू: साधा, पारंपरिक आणि रानात उपयोगी पडणारा कसा निवडावा

घडीच्या चाकूंची मांडणी समोर आली की नजर आधी मुठीवरच्या नक्षीवर जाते आणि मग पात्यावर कोरलेल्या पोलादाच्या नावावर. या दोन्ही गोष्टी सगळ्यात शेवटी पाहाव्यात. बाहेर फिरताना चाकू दगा देतो तो बहुतेक वेळा दोनच ठिकाणी: पाते मुठीला जोडलेले असते त्या खिळ्यापाशी, आणि धारेच्या लगेच मागे, जिथे पाते नको तितके जाड ठेवलेले असते. जोड ढिला असेल तर बोटे धोक्यात येतात; पाते जाड असेल तर चाकू कापायच्या ऐवजी फाडतो.

‘साधा पारंपरिक चाकू’ म्हणजे इथे काय धरले आहे तेही सांगून टाकू. एक, फार तर तीन पाती. लाकूड, शिंग, हाड किंवा दुमडलेल्या पत्र्याची मूठ. आणि पाते दोन हातांनी, नखाने किंवा चिमटीत धरून उघडायचे. बटण दाबताच उसळणारी पाती आणि पंधरा अवजारांचा जुडगा यांचा विचार इथे नाही.

आधी काम, मग चाकू

दिवसभराच्या भटकंतीत किंवा दोन-तीन रात्रींच्या मुक्कामात खिशातला चाकू प्रत्यक्षात काय करतो? दोरी नि पट्ट्या कापतो, पाकिटे उघडतो, फळे चिरतो, बोटभर जाडीच्या काठीला टोक काढून तंबूची खुंटी करतो, जाळ धरावा म्हणून लाकडाचे पातळ कोर काढतो, बँडेजची पट्टी कापतो. एवढ्याला ७ ते ९ सेंटिमीटरचे पाते पुरते. ६ सेंटिमीटरच्या आत गेलात तर काठी तासताना जोर लावायला जागाच उरत नाही. १० च्या पुढे गेलात तर टोकावर पडणारा आडवा जोर खिळ्यावर जास्त येतो, जोड लवकर सैल होतो, आणि चाकू खिशात आडवा येतो म्हणून शेवटी पिशवीच्या तळाशी जातो. गरजेच्या वेळी तळाशी असलेला चाकू नसल्यासारखाच.

जी कामे करायची नाहीत त्यांची यादी जास्त महत्त्वाची. पाते ओंडक्यावर ठेवून वरून दुसऱ्या काठीने ठोकणे, डब्याचे झाकण टोकाने उचकटणे, लाकडात टोक रोवून पिरगाळणे, दगडी फटीत घालून तरफ मारणे. यांतले काहीही नेमाने करायचे असेल तर घडीचा चाकू घेऊच नका. सलग पात्याचा, म्यानातला चाकू किंवा छोटी कुऱ्हाड घ्या. घडीच्या चाकूत सगळा भार दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या एका खिळ्यावर येतो. कोयत्याचे काम त्याच्याकडून करून घेतले की खिळा वाकतो, आणि वाकलेला खिळा पुन्हा सरळ होत नाही.

पाते उघडे कसे राहते?

निवडीचा खरा प्रश्न हाच. पारंपरिक चाकूंमध्ये याची चार उत्तरे आहेत, आणि प्रत्येकाची खोड वेगळी.

सगळ्यात साधा तो केवळ घर्षणावर चालणारा. ना स्प्रिंग, ना लॉक. पाते मुठीत घट्ट बसवलेले असते आणि त्याच्या बुडाला एक शेपटी असते. जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी हे याचे प्रसिद्ध उदाहरण: पत्रा दुमडून केलेली मूठ, त्यात पाते, आणि बाहेर डोकावणारी लहानशी शेपटी. अंगठा तिच्यावर दाबून ठेवला की पाते मिटत नाही. अंगठा उचलला की फक्त घर्षण राहते. काही चाकूंमध्ये ही शेपटी मुठीइतकी लांब असते आणि उघडल्यावर मुठीच्या पाठीवर टेकते, म्हणजे मूठ आवळली की शेपटीही तळहातात आवळली जाते. यात बिघडायला काहीच नाही. खिळा सैल झाला तर चाकू लोखंडाच्या तुकड्यावर ठेवून खिळ्याच्या डोक्यावर हातोडीचे दोन-चार हलके टोले द्यायचे, प्रत्येक टोल्यानंतर पाते फिरवून पाहायचे. एक टोला जास्त पडला की पाते अडकते, एवढेच भान ठेवावे.

दुसरा पाठीच्या स्प्रिंगचा, ज्याला सर्रास स्लिपजॉइंट म्हणतात. मुठीच्या पाठीत पोलादाची लांब पट्टी असते आणि ती पात्याच्या बुडावर दाब देते. उघडताना ‘टक्’, मिटताना ‘टक्’. पाते कुलूपबंद होत नाही, स्प्रिंग फक्त त्याला मिटण्यापासून रोखते. धारेने कापताना जोर पात्याला उघडण्याच्याच दिशेने लागतो, त्यामुळे साध्या कापाकापीत हा पुरेसा सुरक्षित आहे. धोका दोन वेळा असतो: टोक खुपसताना, आणि लाकडात रुतलेले पाते वर-खाली हलवून सोडवताना. दुसरी चूक जाणती माणसेही करतात. रुतलेले पाते सोडवायचे तर मूठ हलवायची नाही. लाकूड धरून पाते आल्या वाटेने सरळ मागे ओढायचे.

तिसरा कडीचा लॉक. फ्रान्समधल्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये आपला लाकडी मुठीचा चाकू केला. तेव्हा तो घर्षणावरच चालायचा. पाते आणि मुठीच्या सांध्यावर फिरणारी धातूची कडी १९५५ मध्ये आली आणि त्या चाकूचे रूपच पालटले. कडी फिरवली की तिची फट पात्याच्या बुडासमोरून सरकते आणि पाते मिटू शकत नाही. कडीची कड किंचित तिरपी असल्याने ती जितकी फिरवाल तितकी घट्ट बसते, म्हणून थोडी झीज झाली तरी लॉक टिकतो. २००० पासूनच्या चाकूंत पाते मिटलेल्या अवस्थेतही कडीने बंद करता येते. दोष एकच: कडी आपोआप लागत नाही. ती फिरवायला विसरलात तर हातात घर्षणाचा चाकू आहे असेच समजा.

चौथा पाठीचा लॉक. स्प्रिंगच्या जागी मध्यावर झुलणारी पट्टी असते. तिचे दात पात्याच्या खाचेत बसतात आणि मुठीच्या पाठीवर दाबले की सुटतात. बक कंपनीने १९६४ मध्ये आणलेला ११० हा नमुना यामुळेच जगभर पोचला. तो मजबूत आहे, पण पितळी टोकांसह त्याचे वजन सुमारे २०० ग्रॅम भरते. ओपिनेलचा ८ नंबर, ज्याचे पाते ८.५ सेंटिमीटरचे आहे, तो जेमतेम ४५ ग्रॅमचा. पाठीच्या लॉकची ठरलेली तक्रार म्हणजे कचरा. खिशातला कापसाचा गोळा किंवा वाळूचे चार कण खाचेत बसले की दात पूर्ण उतरत नाहीत. पाते उघडे दिसते, लॉक लागलेला नसतो. उघडल्यावर पट्टी मुठीच्या पाठीशी एका रेषेत आली की नाही, हे दर वेळी अंगठा फिरवून पाहावे.

आमचे मत विचाराल तर पहिल्या चाकूसाठी कडीचा लॉक किंवा मध्यम ताणाची स्लिपजॉइंट. ज्याला लाकूड तासायचे आहे त्याने कडी घ्यावी. ज्याला दोरी, फळे आणि पाकिटे एवढेच काम आहे त्याने स्लिपजॉइंट. पाठीचा लॉक वाईट नाही, पण साध्या कामासाठी ते वजन वाहायची गरज पडत नाही.

पाते: लांबीपेक्षा जाडी पाहा

पाठीची जाडी १.५ ते २.५ मिलिमीटर असावी. ओपिनेल ८ ची पाठ सुमारे १.७ मिलिमीटर आहे, आणि ते पाते चांगले कापते त्याचे अर्धे श्रेय या पातळपणाला जाते. ३ मिलिमीटर आणि त्याहून जाड पाती दिसायला दणकट असतात, पण साडेआठ सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद पात्याला ती जाडी पाचरीसारखी वागायला लावते.

पाठीपेक्षाही महत्त्वाची जागा म्हणजे धारेचा उतार जिथे सुरू होतो, त्याच्या लगेच मागची जाडी. ती ०.३ ते ०.५ मिलिमीटर असली तर चाकू लोण्यात शिरल्यासारखा शिरतो. ०.७ च्या पुढे गेली की कितीही धार लावा, तो अडतोच. मोजायला कॅलिपर नसेल तर कच्चे गाजर घ्या आणि मधोमध आडवे कापा. पातळ पाते शांतपणे आरपार जाते. जाड पाते निम्म्यावर पोचताच ‘कट्’ असा आवाज होऊन गाजर पुढे तडकते. म्हणजे पात्याने ते कापले नाही, फोडले. नव्या चाकूच्या धारेवर विसंबून राहू नका. धार पंधरा मिनिटांत बदलता येते, पात्याची जाडी दगडावर घासून कमी करायला दिवस जातो.

उतार कसा आहे तेही पाहावे. पाठीपासून धारेपर्यंत सपाट किंवा किंचित फुगीर उतरणारे पाते सगळ्या कामांना चालते. मधे खोलगट घासलेले पाते पहिले काही मिलिमीटर सुरेख कापते, मग त्याचा जाड खांदा लाकडात अडतो.

आकाराचा फार काथ्याकूट नको. पाठ सरळ किंवा हलकी उतरती, टोक पात्याच्या मध्यरेषेजवळ, धार बहुतेक सरळ आणि टोकाशी वळलेली, हा आकार नव्वद टक्के कामे करतो. टोकाकडे पाठीला खोल खाच असलेले पाते बारीक कामाला छान, पण त्याचे टोक नाजूक आणि लवकर मोडणारे. मेंढीच्या खुरासारखे बोथट टोक आणि सरळ धार असलेले पाते दोरी कापायला, होडीवर किंवा लहान मुलाच्या पहिल्या चाकूला उत्तम, कारण घाईत टोक कुणाला टोचत नाही. तीन पात्यांच्या स्टॉकमन नमुन्यात हे पाते दुय्यम म्हणून येते. तीन पाती म्हणजे मुठीत तिप्पट कचरा साचायच्या जागा, हेही खरे. बाहेरच्या कामाला एकपाती चाकू बरा. पात्याची अर्धी धार दातेरी असेल तर सोडून द्या. दाते घरच्या दगडावर नीट लागत नाहीत आणि लाकडात ओरबाडतात.

पोलाद

इथे लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात आणि इथेच सर्वांत कमी फरक पडतो. दोनच गट लक्षात ठेवा.

साधे कार्बन पोलाद, ज्यात साधारण ०.९ ते १ टक्का कार्बन असतो, लवकर धार घेते आणि साध्या दगडावर खूश असते. त्याला गंज चढतो. स्टेनलेसमध्ये १३ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त क्रोमियम असते. ते गंजाला बराच काळ दाद देत नाही. १२सी२७ हे स्वीडिश पोलाद आणि ४२०एचसी हे पारंपरिक चाकूंमध्ये वारंवार भेटतात, आणि दोन्ही चांगले आहेत. नावापेक्षा पाणी कसे दिले आहे, म्हणजे तापवून-थंड करून पाते कठीण कसे केले आहे, ते मोठे. रॉकवेल मापावर ५५ ते ५९ एवढे कठीण पाते या आकाराला योग्य. त्याखाली धार दुमडते. ६१-६२ च्या वर रानात हाड किंवा लाकडाची गाठ लागली की धारेचे कपचे उडायची भीती वाढते. स्विस बनावटीचे साधे खिशातले चाकू ५५-५६ च्या आसपास ठेवलेले असतात. म्हणूनच त्यांची धार लवकर जाते आणि तितक्याच लवकर परतही येते.

समुद्रकाठ, होडी, पावसाळी मुक्काम, घामाच्या खिशात दिवसभर राहणारा चाकू: स्टेनलेस. बाकी ठिकाणी, विशेषतः पाते पुसून ठेवायची सवय असेल तर, कार्बन पोलादाची मजा वेगळी. फळांच्या आंबट रसाने त्यावर काळसर-निळसर थर चढतो. हा थर म्हणजे गंज नव्हे. तो तांबड्या गंजाला थोडा रोखतो. तो मुद्दाम चढवायचा असेल तर पाते साबणाने धुऊन तेलाचा अंश काढा, कोमट व्हिनेगरमध्ये बुडवलेला कागदी रुमाल पात्याभोवती गुंडाळून २०-३० मिनिटे ठेवा, मग पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवा. खिळ्यापाशी व्हिनेगर जाऊ देऊ नका. तिथे ते आतून खात राहते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

मूठ

चाकू मिटून तळहातावर आडवा धरा. दोन्ही टोकांना मिळून एक-दीड सेंटिमीटर बाहेर आले तर मूठ पुरेशी लांब आहे. मग उघडून मूठ जोरात आवळा आणि मनात साठ मोजा. हात सोडल्यावर तळहातावर कुठे लाल वळ उठला आहे ते पाहा. चौकोनी कडा, बाहेर आलेले खिळे, मुठीच्या शेवटाची कड यांचे वळ उठतात. दुकानात साठ अंकांपुरता बोचणारा कोपरा खुंटी तासताना वीस मिनिटांत फोड आणतो.

लाकूड हाताला उबदार आणि ओल्या हातातही पकड देणारे, पण पाणी पिऊन फुगते. शिंग सुंदर, मात्र कोरड्या हवेत आक्रसते आणि खिळ्यांपाशी तडकते. हाडाची मूठ दगडावर पडली तर कपचा उडतो. फ्रान्समधल्या तिएर गावचा, १९२९ पासून बनणारा दुक-दुक, म्हणजे एकच पोलादी पत्रा दुमडून केलेली मूठ: चपटी, खिशात असल्याचे जाणवूही न देणारी, आणि थंडीत धरवत नाही अशी. चपटी मूठ खिशाला सोयीची पण हाताला नाही. लांब काम करायचे असेल तर गोलसर, पोटात थोडी भरलेली मूठ घ्यावी.

हातात घेऊन तपासणी

चाकू विकत घेण्याआधी, किंवा घरपोच आला असेल तर परत पाठवायची मुदत संपण्याआधी, एवढे करा. सगळे मिळून पाच मिनिटे लागतात.

१. मिटलेला चाकू पाठीकडून उजेडासमोर धरा. स्प्रिंग आणि दोन्ही बाजूच्या पट्ट्यांमधून उजेडाची रेघ दिसली तर तेवढी फट आहे. केसाएवढी चालेल, नख अडकेल एवढी असेल तर तिथून पाणी नि माती आत जाणार.

२. टोक बघा. मिटल्यावर ते मुठीत पूर्ण बुडाले पाहिजे. मिटल्या चाकूच्या कडेवरून बोट अलगद फिरवा. टोक बोटाला लागले तर तो खिसा फाडणार, कधीतरी मांडीही.

३. नखाच्या खाचेत नख घालून पाते उघडा. ताण मोजायला हौशी लोक १ ते १० असा अंदाजी आकडा वापरतात. ४ ते ६ बरा. ८ च्या पुढे नख तुटते. ३ च्या खाली पाते स्वतःहून डोलते. हात ओले करून पुन्हा उघडून पाहा. नखाने नाही जमले तर चिमटीत धरण्याइतके पाते मिटलेल्या अवस्थेत बाहेर आहे का?

४. उघडताना मधेच, काटकोनात, पाते थांबते का ते पाहा. अनेक स्लिपजॉइंटमध्ये असा अर्धा थांबा असतो. मिटताना तो बोटे बाजूला घ्यायला क्षणभर वेळ देतो. नसला तरी चालेल, असला तर बरे.

५. पाते पूर्ण उघडून एका हातात मूठ, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याच्या पाठीचा टोकाकडचा भाग. डावी-उजवीकडे हलके हलवा, मग वर-खाली. डावी-उजवीकडचे किंचित हलणे खिळा घट्ट करून जाते. वर-खाली हलणारे पाते मात्र घेऊ नका, तो दोष पात्याच्या बुडाच्या घडणीत असतो आणि घरी सुटत नाही.

६. लॉक असेल तर तो लावून, बोटे पात्याच्या वाटेतून पूर्ण काढून, पाठ टेबलाच्या कडेवर ठेवून हळूहळू दाबा. आपटू नका. आपटल्याने चांगला लॉकही बिघडतो आणि त्यातून काही कळतही नाही.

७. पाते मिटताना ते पट्ट्यांच्या मधोमध उतरते का? एका बाजूला घासत असेल तर पात्यावर उभ्या रेघा उठतील.

८. शेवटची चाचणी फार थोडे लोक करतात. पातळ कागदाची अरुंद पट्टी मुठीच्या खोबणीत, आतल्या स्प्रिंगवर आडवी ठेवा आणि पाते स्प्रिंगच्या जोराने मिटू द्या. कागद कापला गेला तर धार आत स्प्रिंगवर आपटते आहे. असा चाकू कितीही धार लावून ठेवा, पात्याच्या मध्यावर एक बोथट ठिपका पुन्हा पुन्हा येत राहतो. उपाय म्हणजे पाते बोटाने सावकाश मिटवणे. पात्याच्या बुडाशी जो उंचवटा मिटल्यावर स्प्रिंगवर टेकतो तो घासून ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. त्याने पाते आणखी खोल जाते आणि धार आणखी जोरात आपटते.

जुना, वापरलेला चाकू घेताना यात आणखी एक भर: पात्याचा मूळ आकार किती उरला आहे? वर्षानुवर्षे घासलेल्या पात्याची धार आत गेलेली असते आणि टोक मिटल्यावर वर येते. वरवरचा तांबडा गंज तेल आणि बारीक स्टीलवूलने जातो. टोचल्यासारखे काळे खड्डे धारेपाशी असतील तर नको, कारण धार तिथेच तुटते.

घरी आणल्यावर

नवा चाकू बहुतेक वेळा आतून घाण असतो: पॉलिशची पूड, घट्ट झालेले तेल. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घेऊन पाते पाण्यात दहा-बारा वेळा उघडा-मिटा. मग लगेच पुसून पूर्ण वाळवा आणि खिळ्यावर तेलाचा एकच थेंब. ज्या चाकूने खायचे कापणार त्याला खाद्य दर्जाचे मिनरल ऑइल घ्या. स्वयंपाकाचे तेल नको, ते काही आठवड्यांत चिकट होऊन जोड जाम करते.

लाकडी मुठीचा चाकू मात्र पाण्यात बुडवू नका. तो ओल्या कापडाने पुसायचा. पावसात भिजला की मुठीची फट आवळली जाते आणि पाते बाहेर येत नाही, ही या चाकूंची जगजाहीर खोड आहे. अशा वेळी नख तोडून घेऊ नका. कडी मोकळी करा, मूठ सैलसर धरा आणि मुठीचा मागचा टोकाकडचा कोपरा ओंडक्यावर किंवा दगडावर ठोका. पात्याची पाठ आपोआप वर उचलली जाते आणि बोटांत धरता येते. साव्हुआची माणसे हेच करतात आणि त्या ठोक्याला त्यांच्याच नावाने ओळखतात. कायमचा इलाज हवा तर चाकू पूर्ण सुकू द्या, १२० नंबरचा सँडपेपर पातळ पट्टीवर गुंडाळून खोबणीच्या आतल्या दोन्ही भिंती खिळ्याजवळ थोड्या घासा, पूड झटका आणि उकळवलेले जवसाचे तेल पातळसर लावा. एका दिवसाने दुसरा हात, मग तिसरा. तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना तापते आणि असे बोळे स्वतःहून पेट घेतात. फडके पसरून बाहेर वाळत घाला.

धार

खडबडीत ४०० आणि बारीक १००० नंबर असे दोन थर असलेला दगड, आणि एक चामड्याचा पट्टा. एवढ्यावर जन्मभर भागते.

कोन धरण्याचा सोपा हिशोब असा: पाते २ सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सुमारे ५ मिलिमीटर उचलली की १५ अंश होतात, ७ मिलिमीटर उचलली की २०. फळे आणि दोरीला १५-१७ अंश, लाकूड तासायला २०. मूळ कोन सापडत नसेल तर धारेच्या उतारावर मार्करने शाई फासा आणि दगडावर दोन हात मारा. शाई धारेकडून निघाली तर पाठ जास्त उचलली आहे, मागच्या कडेने निघाली तर कमी.

दगड ओला करा. पाते बुडापासून टोकापर्यंत, दगडाचा पातळ काप काढतो आहोत अशा हाताने पुढे न्या. एकाच बाजूला दहा-दहाचे फेरे, जोवर दुसऱ्या बाजूला धारेवर उलटलेली बारीक कड बोटाला लागत नाही तोवर. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. ती बुडापासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मधे तुटली तर तिथे धार अजून आलेली नाही. मग बाजू बदला. त्यानंतर बारीक दगडावर प्रत्येक बाजूला पाच, चार, तीन, दोन, एक, हलका होत जाणारा हात. शेवटी चामड्यावर पाते मागे ओढत वीस वेळा. बर काढायची राहिली की चाकू पहिल्या दिवशी कागद सुरेख कापतो आणि दुसऱ्या दिवशी बोथट होतो. ‘याचे पोलादच वाईट’ अशी तक्रार होते तेव्हा अनेकदा मागे ही राहिलेली बर असते.

टोक गोल होते ते हात दगडाच्या कडेबाहेर गेल्यामुळे. टोक दगडावरच थांबवा, आणि वळणावर मूठ किंचित वर घ्या.

बाहेर वापरताना

पाते ओले किंवा चिकट झाल्यावर मिटू नका. आधी कपड्याला पुसा, पाठीकडून धारेकडे. आंबट फळानंतर आणि समुद्राच्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने लगेच धुणे, मग पुसणे, मग खिळ्यावर तेल. वाळू आत गेली तर फुंकर मारून, काडीने कोरून, पाण्याने धुऊन काढायची. वाळूसकट पाते उघड-मीट केले की पट्ट्या आणि बूड दोन्ही घासले जाते, आणि मग जी ढिलाई येते ती खिळा ठोकूनही जात नाही.

काठी तासताना धार नेहमी शरीरापासून दूर, काठीचा शेवट जमिनीवर किंवा ओंडक्यावर टेकवून. मांडीवर ठेवून नाही. दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा.

निघण्यापूर्वी जिथे जाणार तिथला कायदा पाहून घ्या. देशागणिक तो बदलतो आणि तो लांबीइतकाच लॉकलाही पाहतो. ब्रिटनमध्ये, उदाहरणार्थ, ३ इंचांपर्यंत धार असलेला, लॉक नसलेला घडीचा चाकू योग्य कारण नसतानाही जवळ बाळगता येतो. कडीचा किंवा पाठीचा लॉक असला की कारण दाखवावे लागते. विमानात तो हातातल्या पिशवीत ठेवू नका. तो नेहमी सोपवायच्या सामानातच जातो, आणि तिथेही मिटून, कडी लावून, कापडात गुंडाळलेला असावा.